एओसी-४ एक्सबीआरएल : टूल ‘नो एरर’ म्हणतं, तरी आकडे चुकलेले. टॅगिंग दरवर्षी एकसारखं कसं ठेवायचं?

सूत_खाते (बुटीबोरी)

नमस्कार मंडळी. एओसी-४ म्हणजे वार्षिक हिशेब कंपनी निबंधकांकडे दाखल करायचा फॉर्म; एक्सबीआरएलमध्ये त्यातल्या प्रत्येक आकड्याला ठरलेलं नाव, म्हणजे टॅग, लावून फाइल द्यायची. बुटीबोरी एमआयडीसीतली सूतगिरणी, प्रायव्हेट लिमिटेड. पेड-अप भांडवल ५ कोटी (१० रुपयांचे ५० लाख शेअर), उलाढाल १३० कोटींच्या आसपास. इंड-एएस (आयएफआरएसवर बेतलेली हिशेब-मानकं) लागू नाही, त्यामुळे सी अँड आय (कमर्शियल अँड इंडस्ट्रियल) टॅक्सॉनॉमी, म्हणजे टॅगांची ठरलेली यादी. बॅलन्सशीट लाखांत, दोन दशांशांपर्यंत. २०२४-२५ चं टॅगिंग बाहेर दिलं होतं, त्याचा मसुदा आला. फाइल तपासणाऱ्या मंत्रालयाच्या व्हॅलिडेशन टूलमध्ये एकही चूक दिसत नाही. पण सही झालेल्या बॅलन्सशीटशी ताडून पाहिलं तर हे सापडलं :

कॅश फ्लोत ‘इतर समायोजन’ या ओळीत उणे ३४६.७० लाख आहेत. आमच्या सहीच्या पत्रकात अशी ओळच नाही. ऑपरेटिंग कॅश फ्लोची बेरीज मात्र जुळते.

ईपीएस (प्रति शेअर नफा) ७.४५ ऐवजी ७,४५,००० आलाय.

‘डेसिमल्स’ सगळीकडे उणे ५ टाकलेत. हे बरोबर की चूक, तेच कळत नाही.

गेल्या वर्षीच्या फायलिंगमध्ये अल्पमुदतीची कर्जं २,०९५.९० लाख दिसतात. सहीच्या बॅलन्सशीटमध्ये तोच आकडा २,३१०.४० लाख आहे.

हे सगळं असताना टूल पास कसं करतं? आणि पुढल्या वर्षी टॅगिंग करणारा माणूस बदलला तरी तोच आकडा त्याच टॅगमध्ये जावा, यासाठी काय व्यवस्था ठेवायची?

---

धंतोली_ऑडिट

आधी टूलचं. टूल काय तपासतं? फाइलची रचना, सक्तीचे टॅग भरलेत का, टॅक्सॉनॉमीत ठरलेल्या बेरजा लागतात का आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचे ठरलेले नियम. प्री-स्क्रूटिनीत सीआयएनसारख्या (कंपनीचा नोंदणी क्रमांक) गोष्टी सर्व्हरवर ताडल्या जातात. सही झालेली बॅलन्सशीट टूलकडे नसते. त्यामुळे ‘नो एरर’चा अर्थ एवढाच की फाइल नियमात बसते. आकडा खरा आहे का, हे तुम्हालाच बघावं लागणार.

आता ३४६.७०. याला दोनाने भागा : १७३.३५. तुमच्या येण्यांत यंदा किती वाढ झाली ते बघा. माझा अंदाज, नेमके १७३.३५ लाखच असतील. ट्रायल बॅलन्स जुळत नसली की फरकाचं अर्ध करून ती रक्कम शोधायची, ही जुनीच पद्धत इथंही चालते. कारण चिन्ह उलटं पडलं की फरक दुप्पट येतो.

झालं असं असणार. त्या टॅगचं लेबल ‘डिक्रीज (इन्क्रीज) इन ट्रेड रिसिव्हेबल्स’ असं आहे. नियम असा की कंसाबाहेरचा शब्द अधिक, कंसातला उणे. येणी १,८४२.३६ वरून २,०१५.७१ लाखांवर गेली असतील, म्हणजे १७३.३५ ने वाढली असतील, तर टॅगमध्ये उणे १,७३,३५,००० जायला हवं. टॅग करणाऱ्यानं ‘वाढ’ वाचलं आणि अधिक टाकलं. बेरीज ३४६.७० लाखांनी चढली, टूलनं लाल केलं, आणि ते लाल घालवायला त्यानं फरक ‘इतर समायोजना’त ढकलला. टूल गप्प झालं, चूक तिथंच राहिली. मसुद्यात हे सगळ्यांत गंभीर आहे, कारण दोन खोटे आकडे मिळून एक खरी बेरीज दाखवतायत.

साठ्यालाही हेच लेबल, ‘डिक्रीज (इन्क्रीज)’. देण्यांना मात्र उलटं : ‘इन्क्रीज (डिक्रीज) इन ट्रेड पेयेबल्स’. तिथं देणी वाढली तर अधिक. म्हणून कॅश फ्लोच्या प्रत्येक ओळीचं पूर्ण लेबल, कंसासकट, वाचूनच चिन्ह ठरवा. मशिनरी खरेदीसारख्या ओळी सहीच्या पत्रकात कंसात असतात, पण टॅगमध्ये त्या अधिकच भरायच्या. वजाबाकी टॅक्सॉनॉमीतल्या बेरजेच्या नियमातच बसवलेली आहे. तुम्ही उणे टाकलंत तर वजाचं अधिक होतं. भरलेला आयकर, घसारा, व्याजखर्च यांचंही तेच. तोट्याच्या वर्षी नफ्याचा टॅग मात्र उणे जातो.

---

मिहान_डेटा

डेसिमल्सबद्दल. हा प्रकार बहुतेक ठिकाणी चुकतो, कारण लोक त्याला ‘आकडे लाखांत आहेत’ असं सांगायची जागा समजतात. तसं नाही. आकडा कुठपर्यंत अचूक आहे, एवढंच तो सांगतो.

फाइलमध्ये रक्कम नेहमी पूर्ण रुपयांत जाते. १,८४२.३६ लाख म्हणजे १८,४२,३६,०००. दोन दशांश लाख म्हणजे सगळ्यांत लहान घर १,००० रुपयांचं. म्हणून तुमचं डेसिमल्स उणे ३. कोटीत दोन दशांश असते तर लहान घर १ लाखाचं, तेव्हा उणे ५. दशांशाशिवाय लाखांत असतं तरी उणे ५. पूर्ण रुपयांत असेल तर शून्य.

उणे ५ टाकलं तर काय बिघडतं? वाचणारं सॉफ्टवेअर १८,४२,३६,००० ला १८,४२,००,००० धरू शकतं. आणि बेरजा लाखाच्या घरात गोल करून तपासल्या जातात, त्यामुळे चाळीस-पन्नास हजारांची खरी चूकही सहज निसटते. उलट शून्य टाकलंत तर ‘रुपयापर्यंत अचूक’ असा खोटा दावा होतो. ‘लेव्हल ऑफ राउंडिंग’ नावाचा वेगळा टॅग आहे, ‘लाख’ हे तिथं लिहायचं.

ईपीएसचं कारण सरळ आहे. एक्सेलमधून चढवताना अख्ख्या शीटला १,००,००० चा गुणक लावला. रुपयांच्या ओळींना तो हवाच, पण ईपीएस, शेअरची संख्या, दर्शनी किंमत, टक्केवारी, गुणोत्तरं यांना नको. ७.४५ चे ७,४५,००० असेच झाले. चार वेगळी एककं डोक्यात ठेवा : रुपये, शेअर, रुपये प्रति शेअर आणि निव्वळ संख्या. टक्केवारी निव्वळ संख्येत दशांशानं जाते. २६ टक्के भागभांडवल धारण असेल तर ०.२६. त्या ओळी वेगळ्या शीटवर ठेवा, म्हणजे गुणकाचा हात तिथं लागणारच नाही. पडताळा दोन मिनिटांचा : नफा ३,७२,५०,००० भागिले ५०,००,००० शेअर, ७.४५. फाइलमधल्या आकड्यांनी भागाकार करून ईपीएस आला नाही, तर तिन्हींतलं काहीतरी चुकलंय.

तारखाही बघून घ्या. २०२४-२५ च्या फाइलमध्ये कालावधी २०२४-०४-०१ ते २०२५-०३-३१, आणि त्यामागच्या वर्षाचा तसाच. बॅलन्सशीटसाठी क्षणबिंदू ३१ मार्च २०२५ आणि ३१ मार्च २०२४. गेल्या वर्षीच्या कॅश फ्लोची सुरुवातीची रोकड दाखवायला ३१ मार्च २०२३ सुद्धा लागतो, तोच राहून जातो. सुरुवातीची शिल्लक १ एप्रिलच्या तारखेनं टाकू नका. क्षणबिंदू म्हणजे त्या दिवसाची अखेर, म्हणून १ एप्रिलची सुरुवात ही ३१ मार्चच. जुनी फाइल कॉपी करून वर्ष पुढं ढकलणाऱ्यांच्या हातून एखादा संदर्भ (आकड्याला जोडलेली तारीख) जुन्याच वर्षावर राहतो. मग यंदाचा आकडा गेल्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतो आणि यंदाचं घर रिकामं.

---

सूत_खाते (बुटीबोरी)

धन्यवाद. येणी खरंच १,८४२.३६ वरून २,०१५.७१ झाली आहेत, म्हणजे १७३.३५ तंतोतंत. चिन्ह आणि गुणक दोन्ही दुरुस्त करायला सांगितलं.

डेसिमल्स उणे ३ केल्यावर मात्र इतर खर्चाच्या एका टीपेत नवीन चूक निघाली. ११२.३४, ८७.६७ आणि ४५.१२ यांची बेरीज २४५.१३ येते, पत्रकात २४५.१४ आहे. उणे ५ असताना हे दिसत नव्हतं. मग सरळ टॅलीतून (आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) पूर्ण रुपयांचे आकडे टॅग करावे का? गोल करण्याची भानगडच संपेल.

---

मिहान_डेटा

हा गोल करण्याचाच फरक आहे. मूळ आकडे ११२.३४४, ८७.६७४, ४५.१२४ असे काहीतरी असतील. बेरीज २४५.१४२, गोल करून २४५.१४. प्रत्येक ओळ वेगळी गोल केली की एक पैसा, म्हणजे इथं १,००० रुपये, गळतो.

एक्सबीआरएलच्या मूळ २.१ नियमात हे विसंगत ठरतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘कॅल्क्युलेशन्स १.१’ मध्ये गोल केलेला आकडा हा एक पट्टा धरला जातो. तीन ओळींपैकी प्रत्येक पाचशे रुपये इकडे-तिकडे, म्हणून त्यांची बेरीज २४५.११५ ते २४५.१४५ मध्ये कुठंही. पत्रकातली बेरीज २४५.१३५ ते २४५.१४५. पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून सुसंगत. हीच फाइल ‘अरेल’ या एक्सबीआरएल तपासायच्या मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये १.१ लावून तपासलीत तर खरी चूक कुठली आणि गोल करण्याची कुठली, ते वेगळं होईल.

मला विचाराल तर टॅलीचे रुपये टाकणं डेटाच्या दृष्टीनं जास्त स्वच्छ.

---

सीएस_रामदासपेठ

इथं मी असहमत. एओसी-४ मध्ये जातं ते वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं मांडलेलं, संचालक आणि ऑडिटरनं सही केलेलं पत्रक. एक्सबीआरएल हे त्याच पत्रकाचं दुसरं रूप. पत्रकात २४५.१४ लाख आणि फाइलमध्ये २,४५,१४,२०० असेल तर प्रमाणित करणाऱ्यानं कशाशी ताडायचं? शिवाय कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ (पत्रकांचा साचा) नुसार १ एप्रिल २०२१ पासून गोल करणं सक्तीचं आहे. एकूण उत्पन्न १०० कोटी किंवा जास्त असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटी, किंवा त्यांचे दशांश. तेव्हा दुरुस्ती सहीच्या आधी, एक्सेलमध्ये करायची. प्रत्येक टीप गोल केल्यावर बेरीज तपासा, फरक निघाला तर त्या टीपेतल्या सगळ्यांत मोठ्या ओळीत १,००० रुपये जिरवा. इथं ११२.३४ चे ११२.३५. आता सही झाली असेल तर पत्रकातलाच आकडा टॅग करा. टॅगसाठी आकडा बदलू नका.

आता मूळ प्रश्न, दरवर्षी एकसारखं कसं ठेवायचं. एक टॅग-नोंदवही ठेवा. एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक लेजर गटासमोर : पत्रकातली टीप आणि ओळ, टॅगचं पूर्ण नाव (लेबल नव्हे, कारण सारख्या लेबलचे टॅग असतात), एकक, अपेक्षित चिन्ह, आणि हा टॅग का निवडला ते एका वाक्यात. शेवटचा रकाना महत्त्वाचा. पुढल्या वर्षी नव्या माणसाला ‘स्पिंडल ऑइल’ हे स्टोअर्स खपात का घेतलं, इतर उत्पादन खर्चात का नाही, हे तिथंच कळतं. टॅग करणाऱ्या बाहेरच्या माणसाला तुमची नोंदवही द्या, त्याची वापरू नका. ती कंपनीची मालमत्ता आहे.

‘इतर’ टॅगला कुंपण घाला. मंत्रालयाच्या टॅक्सॉनॉमीत स्वतःचा टॅग बनवता येत नाही, म्हणून जिथं नाव सापडत नाही ते सगळं ‘इतर’मध्ये जातं. काही अंशी ते अटळ. पण शेड्यूल ३ ची कसोटी हाताशी आहे : कामकाजाच्या उत्पन्नाच्या १ टक्का किंवा १,००,००० रुपये, जे जास्त असेल त्यावरची उत्पन्न-खर्चाची बाब वेगळी दाखवायची. तुमच्याकडे ती रेषा १.३० कोटींची. एकटी ‘इतर खर्च’ ओळ त्यावर गेली तर आत काय आहे ते उघडून बघा. सूतगिरणीत वीज-इंधन, पॅकिंग, कमिशन यांना टॅक्सॉनॉमीत नावं आहेत, ते ‘इतर’मध्ये सापडायला नकोत.

तुमच्या २,३१०.४० आणि २,०९५.९० चा फरक २१४.५० लाख. ही मुदत कर्जाची पुढच्या बारा महिन्यांतली परतफेड आहे का? २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं ती ‘इतर चालू देणी’तून काढून अल्पमुदतीच्या कर्जांत आणली, वेगळी दाखवून. तुमची बॅलन्सशीट नव्या साच्यात, पण टॅग लावणाऱ्याची शीट २०२१ च्या आधीचीच. सिक्युरिटी डिपॉझिटही बघा, तीही त्याच वेळी दीर्घमुदतीच्या ‘लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेस’मधून ‘अदर नॉन-करंट अ‍ॅसेट्स’मध्ये गेली.

आणि मुख्य उत्पादनाचा आयटीसी कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक. कापसाचं सूत ५२०५ खाली. काही फायलींत ५२०१ दिसतो, तो न पिंजलेल्या कापसाचा. कच्च्या मालाचा कोड उत्पादनाला लागला की गिरणी व्यापारी ठरते. वेस्टची विक्री वेगळी दाखवत असाल तर ५२०२. चार अंकी, आठ अंकी आणि वर्णन तिन्ही एकाच रांगेतले हवेत, आणि दरवर्षी तेच.

---

कर्जछाननी_सदर

कर्जाची छाननी करताना या फायली वाचणाऱ्या बाजूनं थोडं. तो २१४.५० लाखांचा फरक दिसायला फक्त एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेलेला. करंट रेशोवर (चालू मत्ता भागिले चालू देणी) परिणाम शून्य, दोन्ही चालू देणीच. पण कर्जाची बेरीज टॅगवरून काढली जाते. तिथं २१४.५० लाख कमी पडले की डेट-इक्विटी (कर्ज भागिले भागधारकांचा निधी) प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. पुढच्या वर्षी टॅग दुरुस्त झाला की कर्ज एकदम वाढल्यासारखं वाटतं आणि कंपनीला खुलासे देत बसावं लागतं.

दुसरं, रिकामं आणि शून्य यांत फरक करा. गेल्या वर्षी एमएसएमईंची देणी १८ लाख होती, यंदा काहीच नाही. पत्रकात डॅश आहे. टॅग रिकामा ठेवला तर वाचणाऱ्याला कळत नाही की देणं नाही की माहिती दिली नाही. शून्य टाका. जी बाब तुम्हाला कधीच लागू नव्हती ती मात्र रिकामी राहू द्या, उगाच शून्यांनी फाइल भरू नका.

येण्यांच्या वयाचा तक्ता (६ महिन्यांपर्यंत, ६ महिने ते १ वर्ष, १-२, २-३, ३ वर्षांवर) आणि देण्यांचा (१ वर्षापर्यंत, १-२, २-३, ३ वर्षांवर) यांची बेरीज बॅलन्सशीटशी जुळतेय का तेवढं बघा. येण्यांत संशयितांची तरतूद वजा करायची राहते, बहुतेक फरक तिथलाच.

---

सूत_खाते (बुटीबोरी)

२१४.५० मुदत कर्जाचाच हप्ता आहे, बरोबर. मग गेल्या वर्षीचं चुकलेलं आता काय करायचं? यंदाच्या तुलनात्मक रकान्यात २,३१०.४० टाकले तर गेल्या फाइलशी जुळणार नाही. आणि सभा २५ सप्टेंबरला आहे.

---

सीएस_रामदासपेठ

तुलनात्मक रकान्यात सहीच्या पत्रकातलाच आकडा, २,३१०.४०. जुनी चूक जुळवण्यासाठी नवी चूक करू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३१ ची सुधारणा कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीनं होते, आणि ती विवरणपत्रंच कायद्याशी विसंगत असतील तेव्हाची. तुमचं पत्रक बरोबर आहे, चुकलाय तो टॅग. जुन्या फायलिंगबाबत निबंधकांना काय कळवायचं ते प्रमाणित करणाऱ्याबरोबर बसून लेखी ठरवा.

तीन रकान्यांची जुळवणी मात्र दरवर्षी करा : गेल्या वर्षी फाइल झालेला आकडा, यंदाच्या पत्रकातला तुलनात्मक आकडा, फरकाचं कारण. कारण तीनपैकी एक असतं : रिग्रुपिंग (आकडा दुसऱ्या गटात मांडणं), चुकलेला टॅग, किंवा हिशेबातलीच चूक. तिसरं असेल तर तो ऑडिटरचा विषय, टॅगिंगवाल्याचा नाही.

---

धंतोली_ऑडिट

वेळेचं बघा. सभेपासून ३० दिवस, म्हणजे २५ ऑक्टोबर. पुढं दर दिवशी १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. पण टॅगिंग सभेनंतर सुरू करणं हीच चूक. संचालक मंडळानं सही करायच्या आधी, मसुदा पत्रकावरच टॅग-नोंदवही फिरवा. २४५.१३ सारखे फरक तेव्हा दोन मिनिटांत मिटतात, सहीनंतर कुणालाच हात लावता येत नाही.

दुरुस्त फाइल आली की ‘अरेल’मध्ये उघडा, मंत्रालयाची टॅक्सॉनॉमी उतरवून सोबत द्या, आणि सगळ्या नोंदींची यादी सीएसव्हीत काढा. गेल्या वर्षीच्या फाइलचीही. दोन्ही याद्या टॅगच्या नावावर जुळवून चार गोष्टी वेगळ्या रंगात काढा : गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही असा टॅग, यंदा नव्यानं आलेला टॅग, चिन्ह पालटलेला आकडा, आणि दहापटीहून जास्त वाढलेला किंवा घटलेला आकडा. तुमचा ईपीएस चौथ्या गाळणीत पहिल्याच फेरीत अडकला असता. प्रत्येक रंगीत ओळीसमोर कारण लिहा. कारण सापडत नाही तोवर ओळ बंद करायची नाही.

मग टूलमधून पीडीएफ काढा आणि दोघं बसा. एकानं सहीचं पत्रक मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पीडीएफवर टिक करायची, उलटं नाही. पीडीएफ बघून पत्रकात शोधलं की राहून गेलेली ओळ दिसत नाही. टीपांचा मजकूरही याच वेळी बघा : वर्डमधून चिकटवलेले तक्ते मोडून एका ओळीत येतात, आणि संबंधित पक्षांची टीप त्यात हमखास वाचण्यापलीकडे जाते.

---

सूत_खाते (बुटीबोरी)

दोन्ही याद्या काढल्या. १४ ओळी रंगल्या. त्यातल्या ९ रिग्रुपिंगच्या, ३ चिन्हाच्या, एक ईपीएस. उरलेली एक : ‘कॉस्ट ऑफ मटेरियल’मध्ये यंदा नवा टॅग आलाय, तो खरेदी-विक्रीच्या मालाचा आहे. आम्ही माल विकत घेऊन तसाच विकत नाही. लेजर उघडल्यावर दिसलं की जिनिंगवाल्याकडून घेतलेल्या गाठी तिथं गेल्यात. नोंदवहीत पहिली ओळ हीच लिहिली : रुईच्या गाठी, कच्चा माल खप.